भोंग्याची साक्ष

संकेश्वरच्या मिरची-अड्ड्यात त्या दिवशी
मी दोन भोंगे बांधले :
एक लिंबाच्या फांदीला, दुसरा काट्याच्या खांबाला.
लगमाण्णा मादर जाऊन वर्ष झालं होतं.
गावोगाव हिंडून
गोठ्यात निजणारी माणसं सोडवली त्यानं,
दावं म्हशीला असतं, एवढंच म्हणत.

आधी चार पुढारी बोलले.
पहिल्यानं त्याला सूर्य केलं, दुसऱ्यानं ध्रुव,
चौथ्यापर्यंत आभाळात जागा उरली नाही.
मी आवाज हळूहळू उतरवत गेलो,
कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग मुतगेकरबाई उठल्या.
निपाणीच्या शाळेतून निवृत्त, उंची माइकच्या गळ्याएवढी.
फू केलं नाही. हॅलो केलं नाही.
उभ्या राहिल्या, नुसत्या.
मला वाटलं वायर सुटली,
गुडघ्यावर बसून पिन चाचपतोय तोवर
मिरचीच्या धुरळ्यानं एक म्हातारी ठसकली
आणि तो ठसका भोंग्यातून अख्ख्या पेठेत गेला.
बाई म्हणाल्या, "धन्यापुढं लगमाण्णाच्या आईला
एवढंच बोलता यायचं."

बारशापासून निवडणुकीपर्यंत
हजारेक भाषणं माझ्या तारेतून गेलीत.
स्तुती कुठनं सुरू होते मला पाठ आहे.
बाईंनी पिशवीतून काढली ती सावकाराची वही.
लाल पुठ्ठा, सुतळी.
बाजारहिशेब वाचावा तशा वाचू लागल्या :
लगम्या. उद्धट. नजर खाली ठेवत नाही.
लगम्या. जोंधळा पुन्हा मापायला लावतो.
लगम्या. पळाला.
लगम्या. परत आला. भावाला घेऊन पळाला.
पदरचं एक विशेषण नाही.
वैऱ्याच्या शाईनं माणूस उभा केला,
आणि तिसऱ्या रांगेत सावकाराचा नातू
चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसला.

मग चारशे रुपये.
आज्यानं लग्नाला घेतले, चारशे.
आजा राबून मेला, चारशे.
बाप राबला, कंबर मोडली, चारशे.
दर वेळी बाईंचा आवाज खाली खाली,
मी कळ पिळत वर वर.
पाचव्यांदा त्या "चार" म्हणून थांबल्या,
उरलेला आकडा बायकांच्या बाजूनं आला.

आता त्या शब्दाचं सांगतो.
आमच्याकडं गल्लीला दोन जिभा.
पाटी एकीत लिहिली
तर रात्रीत दुसरी डांबर घेऊन येते.
बाई म्हणाल्या, "जीत."
थांबल्या.
डावीकडच्या कन्नड म्हाताऱ्यांनी मान खाली घातली :
त्यांच्यात जीत म्हणजे वेठ, पिढ्यान्‌पिढ्यांची.
उजवीकडच्या पोरांनी टाळी दिली :
आमच्यात जीत म्हणजे जिंकणं.
टाळी अर्ध्यात ओशाळली.
मान अर्ध्यात वर आली.
दोन्हीकडची माणसं एकमेकांकडं बघूलाली,
मी मधे, स्टुलावर.
"ह्या एका शब्दाला," बाई म्हणाल्या,
"त्यानं त्या कानातून ह्या कानात आणलं.
जन्म लागला."
आणि बसल्या. आभार मानले नाहीत.

सभा पांगल्यावर वायर गुंडाळताना
वही टेबलावर राहिलेली दिसली.
उघडली.
हिरण्यकेशीच्या कुठल्यातरी पुरात भिजलेली पानं,
शाई धुऊन निळसर डाग,
एक अक्षर लागेना.

बाई पाणी पिऊन आल्या, वही पिशवीत घातली.
मी काही विचारलं नाही.
नातूही काही बोलला नव्हता की,
तोंड होतं, माइक मोकळा होता.

घरी आलो तर बायको म्हणाली,
खोकूलालास किती, मिरची लागली काय?
म्हटलं, व्हय.